गच्चीला चुना

रिटायर झाल्यावर मी गल्लीभर चुना लावत फिरलो.
हसा. सगळे हसलेच.
"फेगडे तात्या, चुना लावायले
आमचंच घर सापडलं का तुमाले?"

मी लोको शेडचा माणूस.
छत्तीस वर्षं तापल्या लोखंडाशी राहिलो,
कुठं हात ठेवायचा नाही हे तळव्याला आपोआप कळतं.
स्लॅबलाही ताप चढतो, एवढंच माझं म्हणणं.
दिवसभर ऊन पितो
आणि रात्री आपल्या छातीवर ओकतो.

आधी माझीच गच्ची केली.
पोतंभर चुना, पाण्यात भिजवलेला डिंक,
आणि सुभान तडवी, यावलकडचा,
जो कुंचला हातात असताना बोलत नाही.
मग वही काढली, चक्कीवाल्या गल्लीत दार दार वाजवलं.
एकानं सांगितलं, माझ्याकडं एसी आहे.
त्याच्या एसीचा गरम वारा
बोळातून शेजाऱ्याच्या खिडकीत जात होता,
ते मी वहीत लिहिलं नाही.
कोणी म्हणालं, नगरपालिकेनं करावं.
पाणी दहाव्या दिवशी येतं तिथं
नगरपालिका आमच्या गच्चीवर केव्हा चढणार!

इंदुबाई भंगाळे मात्र भांडल्या.
"गच्ची गार झाल्यावर
माह्या बिबड्या काय तुह्या टकल्यावर वायू घालू?"
या प्रश्नाला माझ्या वहीत रकाना नव्हता.

अत्तरद्यांच्या वरच्या खोलीत
जयमाला सपकाळे राहते. दवाखान्यात रात्रपाळी,
म्हणजे झोप दिवसाची, चैत्रातल्या दुपारची.
फरशीवर ओली चादर टाकून पडते
आणि चादर वाळली की उठते.
घरमालक खाली राहतात. त्यांचं छत
म्हणजे तिची फरशी.
"स्लॅब माझा आहे," ते म्हणाले,
"आणि तो मजबूत आहे."

तिनं मला काही विचारलं नाही.
सुट्टीच्या रात्री दीड वाजता
माझ्या ओसरीतलं उरलेलं अर्धं पोतं ओढत नेल्याचा
आवाज मी ऐकला,
आणि कूस बदलून झोपल्याचं सोंग केलं.

सकाळी अत्तरद्यांच्या घरी लग्नाचे पाहुणे होते.
ते ओरडायला वर गेले तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता,
घाईत चपला खालीच राहिल्या.
मी माझ्या गच्चीवरून पाहत होतो.
ते ओरडले. हात वर करून ओरडले.
पोलीस, भाडं, खोली खाली कर, सगळं झालं.
मग मध्येच थांबले.
आपण कशावर उभे आहोत
ते पायांनी त्यांना उशिरा सांगितलं.
एक पाय उचलला, पुन्हा ठेवला.
माझ्याकडं पाहिलं नाही.
जयमालाला म्हणाले, "कोपरा राहिला तिकडं,
टाकीमागचा,"
आणि खाली गेले.

त्यानंतर वही मला लिहावी लागली नाही.
अत्तरदेच सांगत सुटले, जणू युक्ती त्यांचीच.
सांगोत.
सुभान तडवीनं मे संपेपर्यंत
अठरा गच्च्या केल्या,
एकोणिसाव्या घरच्या पोरांनी स्वतःच केली,
डिंक घालायचे विसरले, सगळी अंगाला लागली,
आठवडाभर शाळेच्या मैदानावर भुतं खेळत होती.

राहिली इंदुबाईंची गच्ची.
त्यावर बैठक झाली, चहा झाला, भांडण दोनदा झालं.
शेवटी ठरलं असं:
एक गच्ची काळीच ठेवायची.
तिथं सगळ्या गल्लीच्या बिबड्या, कुरडया, उडदाचे पापड,
आळीपाळीनं, इंदुबाईंच्या परवानगीनं.
त्या बदल्यात त्यांच्या बोळातली दोन लिंबाची झाडं
आम्ही जगवायची,
भांड्याकपड्यांच्या उरल्या पाण्यावर.

एक जळालं. खरं तेच सांगतो.
दुसऱ्याला पालवी फुटली आहे, पण बारीक.

चुना पावसात धुऊन जातो, हे मला ठाऊक आहे.
फाल्गुनात पुन्हा दारं वाजवावी लागतील,
पुन्हा कोणी हसेल.
परवा जयमाला जिन्यात भेटली.
विचारलं, झोप लागते का?
म्हणाली, "हाव, पण आता
शेजारच्या टीव्हीचा आवाज ऐकू येतो."
वहीच्या शेवटच्या पानावर
मी तेवढं लिहून ठेवलंय.