वादीच्या नावाने शोधा

लग्न लागलं त्या कौंटीत नाही,
खिडकीतल्या बाई म्हणाल्या, नजर वर न करता,
अर्ज दाखल झाला त्या कौंटीत.
आमच्या हॅरो कौंटीच्या वह्यांत व्होबोरिल एकच,
तोही डुकरं चोरल्याबद्दल, एकोणीसशे एकतीस.

तीन तास गाडी हाकत आले होते मी.
शेजारच्या सीटवर पेन्शनवाल्यांचं पत्र:
हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, उठावाच्या शिक्क्यासह.
झेरॉक्स चालणार नाही.
आईला विचारावं, तर ती आता
नर्सिंग होमच्या खिडकीतून गाड्या मोजते,
मला कधी बहीण म्हणते, कधी मॅडम.

"वादी कोण होतं?"
वडील असतील. तेच सोडून गेले.
"सोडून जाणं वेगळं," मिसेस टीटजेननी पेन्सिल खाली ठेवली,
"अर्ज करणं वेगळं."

हे वाक्य मी पार्किंगपर्यंत नेलं,
सँडविचबरोबर चावलं,
आणि गिळता येईना म्हणून परत आणलं.

मग त्यांनी आवाज उतरवून सांगितलं:
त्या काळी ज्यांना गावात चर्चा नको असायची
ते नदीपलीकडे जायचे, लिंडनला.
अट एकच. अर्जदाराने तिथे सलग नव्वद दिवस राहायचं,
आणि राहिल्याचं सांगणारा एक साक्षीदार आणायचा.
नोटीस तिथल्या पेपरात छापून यायची,
तो पेपर अलीकडे कोण वाचतंय?

काडीमोड म्हणतात.
काडी मोडायला दोन बोटं पुरतात.
इथे नव्वद दिवस, एक साक्षीदार,
आणि नदीवरचा पूल.

लिंडनच्या तळघरात जुन्या पुराचा वास होता.
वही माझ्या मांडीपेक्षा रुंद.
व्होबोरिल, आर्डिस. वादी.
व्होबोरिल, लीलंड. प्रतिवादी.
आईचं नाव आधी आलेलं
मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

प्रतिज्ञापत्र, टाइप केलेलं, 'र' प्रत्येक ठिकाणी अर्धवट उमटलेला:
मी अकरा जूनपासून या कौंटीत राहते,
मिसेस ग्रेफ यांच्या घरी, मागच्या खोलीत.
सोबत मुलगी, वय सहा.

म्हणजे ती सुट्टी नव्हती.

ती मागची खोली, लोणच्याच्या बरण्या,
ग्रेफबाईंचा लंगडा कोंबडा, ज्याला मी मका घालायचे;
आई अंड्यांच्या कारखान्यातून यायची,
हातांना पुठ्ठ्याचा वास,
आणि जेवणाआधी कॅलेंडरचं पान फाडायची.
मला वाटायचं, घरी जायचे दिवस मोजतेय.
शाळा सुरू झाली तरी आम्ही गेलो नाही.
मी रडले, तर म्हणाली, अजून आठ.
कशाचे आठ, हे मी विचारलं नाही.
शेवटचं पान फाडलं त्या संध्याकाळी
तिने दोन आइस्क्रीम घेतली,
एक स्वतःसाठीसुद्धा,
आणि दुकानाच्या पायरीवर बसून काडीसकट चाटून संपवलं.

साक्षीदार: हल्डा ग्रेफ.
सही इतकी दाबून केलेली
की मागच्या पानावर हाताला लागते.

कारणाच्या रकान्यात एक शब्द: क्रूरता.
पुढची दोन पानं सीलबंद.
उघडायची तर न्यायाधीशांकडे वेगळा अर्ज,
सहा आठवडे, बावीस डॉलर, परत मिळणार नाहीत.
काउंटरवरच्या पोराने फॉर्म पुढे सरकवला.
मी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला.
भरेन की नाही, माहीत नाही.

प्रतीचे पानामागे पन्नास सेंट, शिक्क्याचा डॉलर वेगळा.
रोख किंवा चेक. कार्ड चालत नाही.
साडेचारला खिडकी बंद होते आणि सव्वाचार झाले होते.

किती प्रती?
एक, म्हणाले मी. मग म्हणाले, दोन.
पोराने का ते विचारलं नाही,
यंत्राचा दांडा दाबला.
अंगठ्याखाली कागद अजून कोमट होता.