ट्रकाच्या हौद्यात पर्सा

आज ऊन बरं पडलंय म्हणून
सगळ्या पर्सा बाहेर काढल्या.
एकवीस. अंगणात पुरेनात,
तेव्हा ट्रकाच्या हौद्यात जुनी चादर अंथरली
आणि मांडल्या, तोंडं उघडी ठेवून.

कुडचड्यात कातड्याला बुरशी धरायला
आठ दिवस पुरतात.
ट्रकाला गंज धरायला थोडे जास्त.

हौदा अजून तांबडा आहे.
कितीही धुतला तरी कोपऱ्यांत खनिजाची पूड राहतेच,
चादरीतून वर येते, पांढऱ्या पर्सेच्या बुडाला लागते.
मी पुसत नाही आता.

पहिली घेतली तेव्हा खाणी चालू होत्या.
गुरुदास दिवसाला पाच ट्रिपा मारायचा
कापशाच्या धक्क्यापर्यंत,
रात्री पैसे मोजायचा तेव्हा
नोटांवर त्याच्या बोटांचे लाल ठसे.
ती पर्स मडगावची, पिंपळकट्ट्याजवळच्या दुकानातली.
सातशे रुपये.
भाव न करता घेतलेली ती एकच.

बाकीच्या वीस बंदीनंतरच्या.

हे कुणाला समजावून सांगता येत नाही.
नणंद म्हणते, वयनी, हप्ते थकलेत
आणि तुला पर्सा सुचतात?
सुचतात.
जत्रेच्या फेरीत ऐंशी रुपयांना सुचते.
मोरजीची रशियन बाई घर रिकामं करून निघाली
तिची काळी सुचते,
जिच्या अस्तरात मूठभर वाळू होती आणि एक परकं नाणं
(मी दोन्ही तसंच ठेवलं).
पतसंस्थेने शटर ओढलं त्या आठवड्यात
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुचली,
चेन बिघडलेली, म्हणून दीडशेला.
घरी आणून चेनीला साबण घासला, चालू झाली.
त्या आठवड्यात घरात चालू झालेली
तेवढी एकच गोष्ट.

ठेवायला काय आहे, असं विचारू नका.
रिकामी पर्स खांदे पाडून बसते
म्हणून मी आत वर्तमानपत्रं कोंबते.
आज काढता काढता वाचत गेले.
तपकिरीतून निघालं : खाणी महिन्याभरात सुरू.
निळीतून : लवकरच.
मोत्यांच्या पट्ट्याच्या छोटीतून : सुनावणी पुढे ढकलली.
पुन्हा एकदा : लवकरच, फोटोसकट.
बातम्या सगळ्या चुरगळलेल्या
आणि पर्सा बघा कशा ताठ.

दुपारी पियेदाद आली.
तिच्या सेबास्त्यांवचा ट्रक गेल्या मे महिन्यात
भंगारात किलोवर गेला.
ती आता लंडनला निघालीय, भावाकडे,
म्हाताऱ्यांची सेवा करायला.
म्हणाली, कागद ठेवायला एक दे गो, धड बंद होणारी.
मी म्हटलं, निवड.
तिने बरोबर पहिलीच उचलली.
ती नको, असं ओठांपर्यंत आलं होतं.
पियेदादने पट्टा खांद्यावर घालून
केबिनच्या आरशात पाहिलं,
एकदा समोरून, एकदा बाजूने,
आणि मी म्हटलं, शोभते.
आतले कागद काढू लागले तर म्हणाली, असू दे.
पोचेपर्यंत आकार तरी राहील.

संध्याकाळी गुरुदास केबिनमध्ये चढला.
दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालवतो,
जाम होऊ नये म्हणून.
मी ओरडले, अरे, मागे पर्सा आहेत!
त्याला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.
हौदा थरथरायला लागला.
वीस पर्सांचे पट्टे, बक्कल, साखळ्या
बारीक वाजत राहिल्या,
सगळ्या बायका एकदम कुठेतरी निघाल्यासारख्या.
धूर अंगणभर.
मी पायरीवर उभी राहून पाच मिनिटं मोजली.

मग तो उतरला, मागे आला,
हौद्याच्या कडेला हनुवटी टेकून बघत राहिला बराच वेळ.
किल्ली बोटात फिरवत म्हणाला,
ही कुणात ठेवू?
म्हटलं, खिळ्यालाच अडकव.
ऊन उतरायला लागलं होतं,
मी कागद परत भरायला घेतले.