तीन युनिट

डॉक्टर केणींनी आरसा हातात दिला
आणि पेन्सिलीच्या टोकानं दाखवलं :
ही जागा. वरची, सुळ्याच्या अलीकडची.
अकरा महिने मोकळी आहे,
शेजारचे दोघं कलायला लागलेत तिच्याकडे.

मला ठाऊक होतं.
जीभ दिवसातून शंभरदा तिथं जाऊन येते,
बाहेर पडताना कुलूप ओढून बघावं तशी.

चरईतला दवाखाना, खाली झेरॉक्सचं दुकान.
एकतर हाडात स्क्रू, त्याचे पैसे ऐकून मी छताकडे पाहिलं.
नाहीतर ब्रिज, तीन युनिटचा.
त्यासाठी दोन्हीकडचे दात तासावे लागतील.
‘पण ते तर धडधाकट आहेत!’
‘म्हणून तर,’ त्या म्हणाल्या,
‘किडक्याच्या खांद्यावर कोण ओझं देतं?’

मग रंग जुळवले.
दातांची एक जपमाळ ओठाशी धरून
कोरा, दुधाळ, जरा जास्त उकळलेला—
माझा निघाला एक्स्चेंजच्या कॅन्टीनचा.
एकतीस वर्षं मी ठाण्याला नंबर सांगितले,
आणि आता ‘सात’ म्हटलं की शिट्टी वाजते.

सुई टोचली. ओठ परका झाला.
मशीन सुरू झालं, शिंग तासल्यासारखा वास,
आणि मला, का कोण जाणे,
श्रीरंगचे तेव्हाचे बूट आठवले.

कुमुद आमच्यातली मधली.
ती गेली तेव्हा तिची पोर साडेतीन वर्षांची.
श्रीरंगनं मस्कतचा कागद कपाटात ठेवला,
नवे बूट मात्र फाटेपर्यंत वापरले.
मी बढतीवरची बदली नाकारली,
आणि पेणचं एक स्थळ, तेही बरं होतं.
कुणी कुणाला विचारलं नाही.
दोन्हीकडून थोडे थोडे कमी होत गेलो.
तेव्हा भूल कुठली!
ऋजुता मधे उभी राहिली, हसली,
फोटोत कुणाला काही कळत नाही.

माझ्या तोंडाचा साचा
विटाव्याच्या भोईरच्या लॅबमध्ये गेला.
त्याचा पोरगा स्कूटरच्या डिकीत घालून
कळव्याच्या पुलावरून घेऊन गेला.
आठ दिवस मी तात्पुरत्या टोपीवर काढले,
मऊ भात, केळं, आणि खाडीपलीकडे
कुणीतरी माझा दात घासतंय ही जाणीव.

आला तेव्हा कापसात गुंडाळलेला, तिघं एकसंध.
निळा कागद चावा. पुन्हा. डावीकडे उंच लागतोय?
आता म्हणा काहीतरी.
‘पाच तीन सात, सात दोन,’ मी म्हणाले,
आमचा जुना नंबर, जो आता कुठेच लागत नाही.
स्वच्छ.

श्रीरंगला फोन केला.
‘शिट्टी गेली?’ तो म्हणाला,
‘अगं, मला सवय झाली होती.’

निघताना डॉक्टरांनी एक ताठ टोकाचा दोरा दिला.
मधला दात हिरडीत नाही, नुसता टेकलाय.
त्याच्या वरची फट तशीच आहे.
रोज रात्री तिथून दोरा ओवून काढायचा,
नाहीतर तासलेले दोघं आतून जातात.

साडेदहा वाजलेत. बेसिनचा दिवा पिवळा आहे.
पहिल्यांदा दोरा चुकतो, दुसऱ्यांदाही.
मग सापडते वाट,
दोरा अलगद पलीकडे जातो,
आणि थोडं रक्त येतं.
येईल म्हणाल्या होत्या, सुरुवातीला.