ताशी चार

लाटवियातली ओस पडलेली धावपट्टी, फटींतून गवत.
इल्गवार्स काचेवर दोन डब्या चिकटवतो,
मी मांडीवर वही घेते.

गाडीचा काटा जन्माचा बढाईखोर: शंभर.
उपग्रहवाली डबी म्हणते त्र्याण्णव,
तेही जरा उशिरानं,
भूर्जांच्या आडून कुणी हाक द्यावी तसं.
मागे बांधलेलं सायकलचं चाक,
त्याच्या वडिलांच्या कारखान्यातलं,
खडखडत मोजतं; खड्डा आला की उडी मारतं
आणि तेवढं अंतर गिळतं.

दुसरी डबी वेग बघतच नाही.
तिला फक्त रेटा कळतो.
पाठ सीटला चिकटली की बेरीज,
ब्रेक लागला की वजाबाकी.
गाडीनं नाक वर केलं, की फसते.

सहा फेऱ्या. कुणाचं कुणाशी जुळेना.
मग त्यानं इंजिन बंद केलं.
काटा शून्य. चाक गप्प. उपग्रहही शून्य.
बेरीज करणारी मात्र: ताशी चार.
"चुका साचतात तिच्यात," तो म्हणाला.
बोट बटणापर्यंत नेलं,
दाबलं नाही.

उद्या गाडी रीगाला जाते, नव्या मालकाकडे.
वहीत मी लिहिलं:
गाडी उभी. ताशी चार.
आणि खाली, बारीक अक्षरात:
वारा नव्हता.