रकाना क्रमांक सात

शिमगा होऊन आठवडा झाला होता, कूलर लागले होते.
प्राचार्य म्हणाले, "सोनकुसरे मॅडम,
तुमचा एक्सेलवर हात बसला आहे.
हा फॉर्म पाचच्या आत दिल्लीला जाते.
देशात पदविकेला शिकवणारे किती,
ते मोजून राहिले."

फॉर्म भरण्याचा तास
तासिकेत धरत नाहीत.
ते त्यांनी काढलं नाही, मीही नाही.

खाली मैदानावर माझी बॅच लेव्हलिंग करत होती.
खिडकीतून ट्रायपॉड दिसत होता,
आणि डोक्याला दुपट्टे बांधलेली पोरं.

मंजूर पदे : अठ्ठावीस.
भरलेली : अकरा.
इथवर बोटं चालली.

मग अकरांतला एकेक आठवायला घेतला.
हेडाऊ सर जानेवारीत निवृत्त झाले.
त्यांचा डबा अजून कपाटावर आहे,
वर्कशॉपची किल्ली इतवारीत, त्यांच्या घरी,
आणि लेथ अडला की पोरं त्यांनाच फोन लावतात.
त्यांना वजा केलं.
गेडाम मॅडम सात महिन्यांपासून निवडणुकीच्या कामावर.
शिकवत नाहीत, पण मोजायच्या.
नागभीडहून कोणी बागडे सर बदलून येणार आहेत,
आदेश आला आहे, माणूस आला नाही.
पटोले बाबूंना विचारलं, काय धरू?
कूलरखालची बादली सरकवत बाबू म्हणाले,
"आदेश धरा, मॅडम.
आदेश आजारी पडत नाही."

आणि मी?
माझ्यासाठी रकाना सात : इतर.
खाली बारीक अक्षरात,
तासिका तत्त्वावरील व्यक्तींचे रूपांतर
पूर्णवेळ संख्येत करावे.
मी रूपांतर केलं.
आठवड्याचे तास, भागिले नेमून दिलेले तास,
गणित माझं कधीच कच्चं नव्हतं.
शून्य दशांश पाच आले.
कमरेपर्यंत की कमरेखाली, ते फॉर्मात नव्हतं.

दुपारी मी हिंगणा रोडच्या खाजगी कॉलेजात असते.
तिथं फॉर्म भरतो रफिक. त्याला फोन केला.
"तुला कवाच भरलं," तो म्हणाला, "पूर्णवेळ.
पीएचडी करून राहिली, असंही टाकलं.
तपासणी येऊन राहिली नं, काय करतं."
म्हणजे दिल्लीत आजपासून
मी दीड आहे.
सासूबाईंना सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या,
मग पगार काहून अर्धा?

शून्य दशांश पाच टाकलं.
पडदा लाल झाला : कृपया पूर्णांक भरा.
पुन्हा टाकलं. पुन्हा लाल.
पोरांना मी शिकवते,
पक्का बेंचमार्क सरकार बसवते, दगडात कोरून.
तात्पुरता आपण ठरवायचा,
पायरी, पुलाचा कठडा, विहिरीची जगत.
तात्पुरता असला तरी
काम संपेपर्यंत हलायचा नाही, एवढीच अट.
नऊ वर्षं झाली मला हे शिकवताना.
मागच्या रांगेतल्या टेकामने एकदा विचारलं होतं,
मॅडम, काम कवा संपते?

तोच टेकाम आता खालून ओरडला,
"मॅडम, स्टाफ कमी पडून राह्यला!"
पटोले बाबू दचकून खिडकीशी आले.
मी हसले, पुष्कळ दिवसांनी,
आणि वाकून ओरडले,
"कमी नाही बे, तू खड्ड्यात उभा आहे!
वर सरक. आणि सरळ धर."

तरी त्याला जमेना. जिना उतरून गेले.
लांब लाल-पांढरी पट्टी उन्हात डुलत होती,
टेकाम दोन्ही हातांनी तिला सावरत,
डोळे बारीक केलेला.
ग्रंथालयाच्या पायरीवर खडूनं केलेली आमची खूण
सकाळी कोणीतरी पाणी टाकून धुतली होती.
पण कोणती पायरी, ते पोरांना माहीत होतं.
मी दुर्बिणीला डोळा लावला.
वर संगणकात रकाना सात
लुकलुकत असेल.
"वाचा मॅडम," वही उघडून निकिता म्हणाली.
"एक दशांश," मी म्हणाले,
"थांब, हलवू नको,
एक दशांश चार सात पाच."