अ आणि द

गुरुवारी पाच वाजता, ब्रुकलिनच्या वाचनालयात,
दुसऱ्या मजल्यावर, कुरकुरणाऱ्या हीटरशेजारचं टेबल.
नानुली आधीच येऊन बसलेली असते,
कोट अंगावरच, पर्स मांडीवर,
जणू आता कोणी तिचं नाव पुकारणार आहे.

एकतीस वर्षं मी पुलावरच्या टोलनाक्यात होते.
माणसं खिडकीशी यायची. दोन शब्द, सुटे पैसे, गेली.
इतक्या जणांशी बोलले,
आणि एकाशीही तासभर बोलले नाही.
आता समोर एकच बाई,
मध्ये एक पेन्सिल.

तिच्या जॉर्जियन भाषेत अ नाही, द नाही.
तिथं वस्तू नुसत्याच असतात:
घर. भाकर. बर्फ.
हे दोन किडे कशाला पाळलेत, असं तिनं विचारलं
हातांनी; तेवढे शब्द अजून नव्हते तिच्याकडे.
मला उत्तर येईना.
जन्मभर वापरले होते ते, दात वापरावेत तसे.
कशासाठी, ते कधी पाहिलंच नव्हतं.

घरी जाऊन पुस्तक उघडलं. पुढच्या गुरुवारी सांगितलं:
अ म्हणजे कुठलंतरी.
द म्हणजे तेच, तुला-मला दोघींना ठाऊक असलेलं.
अ बस, कुठलीही. द बस म्हणजे
ती, जी तुझ्या नाकासमोरून निघून गेली.
ती हसली. तिची बस खरंच चुकली होती.

मिसेस ग्लीकमनना अंघोळ घालताना ती घोकते,
जीभ दातांत धरून: द सोप, द टॉवेल, द फूट.
टबातून त्र्याण्णव वर्षांची म्हातारी ओरडते,
"द नाही गं! माय! माय फूट!"

घराचं पहिल्यांदा निघालं तेव्हा डिसेंबर होता.
"आय हॅव अ हाउस."
बरोबर, मी म्हटलं,
कारण मला ते घर माहीत नव्हतं.

मग दर गुरुवारी ते थोडं थोडं येत गेलं.
लाकडी जिना, चौथी पायरी सैल.
सज्ज्यात दोऱ्याला ओवलेले अक्रोड,
द्राक्षाच्या रसात बुडवून सुकायला टांगलेले.
झाडाखालच्या हिरव्या सालींनी बोटं काळी व्हायची
आणि शाळेत त्याच बोटांवर छडी.
नवऱ्यानं उलटं बसवलेलं फाटक,
बाहेर उघडायचं आणि जाणाऱ्या गाईंना लागायचं.
त्यानं ते शेवटपर्यंत नीट केलं नाही.

फेब्रुवारीत ती म्हणाली, "स्नो ऑन द हाउस,"
आणि मी कुठलं म्हणून विचारलं नाही.
चौथ्या पायरीवरचा बर्फ मला दिसला.

मार्चमध्ये एकदा तिनं आल्याआल्या कोट काढला.
वही उघडली नाही.
"माय ब्रदर सोल्ड अ हाउस."

माझी पेन्सिल आपोआप उचलली गेली.
द, मी म्हटलं. द हाउस, नानुली.
आपल्याला माहीत आहे ना ते.
तिनं माझा हात पेन्सिलीसकट टेबलावर ठेवला, हळूच,
झोपलेलं मूल ठेवावं तसा.
"नो," ती म्हणाली. "नाउ, अ."

पुस्तकात हा नियम नव्हता.

तासानंतर वाचनालयाचा फॉर्म भरायचा असतो.
विषय: अ आणि द. मग एक चौकट, प्रगतीची.
मी ती चौकट पेन्सिलीनं गिरवत बसले.
तेवढ्यात तिनं पर्समधून
मिसेस ग्लीकमनच्या गोळ्यांची डबी काढली,
सात कप्पे, सात वार,
आणि मधल्या कप्प्यावर बोट ठेवलं:
वेनस्डेत हा डी कशाला, बोलायचाच नाही तर?

मला तेही माहीत नव्हतं.
आम्ही दोघींनी मिळून तो गिळला,
चार-पाच वेळा, मोठ्यानं.