फरक

गंगापूर रोड, दुसरा मजला, परिसंवादाचा दुसरा दिवस.
काचेच्या खोलीत मी, कानाला यंत्र.
पाहुण्या बाई एकच शब्द उच्चारतात
आणि माझ्या तोंडात चार गोळा होतात.
भेद म्हणू? त्यात सुरी आहे.
भिन्नता कोरडी, परीक्षेपुरती.
वेगळेपण म्हटलं की सासूबाई:
‘वेगळं निघायचंय का तुम्हाला?’
फरक म्हणते शेवटी.
काय फरक पडतो,
मागच्या रांगेत कुणीतरी पुटपुटतं.
तेही मी इमानानं उलटं पोचवते.

द्राक्षसंशोधक खैरनार बाई उठतात,
नखांत अजून पिंपळगावची माती.
रानवेलीत नर निराळा, मादी निराळी;
बागेतल्या फुलात दोघं एकत्र.
‘माणसानंच तसं निवडत आणलं,
माल भरपूर यावा म्हणून.’
तत्त्वज्ञ टोपण लावतात पेनाला.

कापल्या नाकावरून या गावाचं नाव पडलं म्हणतात.
तो विषय नको, आयोजकांनी
पत्रातच कळवलं होतं.

संध्याकाळी गोदेवर गेले.
घाट तो. नदी ती. पाणी ते.
हे सांगायचं राहिलं;
दुभाष्यानं स्वतःचं बोलायचं नसतं.
(दुभाषीनं, लिहायला हवं होतं.
सवय.)

पर्समध्ये प्रमाणपत्र, नावाआधी
श्री./सौ./कु.,
खाली बारीक अक्षरात:
लागू नसेल ते खोडावे.
पायरीवर बसून पेन उघडलं.
शाई पाण्यात एक थेंब पडली,
मग कुठली ते दिसेना.